मागच्या आसनाखालचा भुंगा

वैशाखातील लग्नसराई होती. आम्ही सहकुटुंब कोल्हापूरहून पुण्यास निघालो होतो. पुतण्या गाडी चालवीत होता, त्याच्या शेजारी थोरले बंधू, मागे उजवीकडे मी, मध्ये सौभाग्यवती आणि डाव्या खिडकीशी आई. आईचे वय एकोणऐंशी. गाडीत बसले की चपला काढून पाय मोकळे सोडायचे, ही तिची जुनी सवय. कराड मागे पडले तेव्हा ती म्हणाली, “अरे, माझ्या बसायच्या जागेखाली भुंगा अडकलाय का कुठं? मघापासून घूं घूं चाललंय, आणि पायाला मुंग्या येताहेत.”

पुढे बसलेल्या दोघांना काहीच ऐकू येत नव्हते. वातानुकूलन यंत्राचा वारा त्यांच्या कानाशी होता. मला थोडेसे ऐकू आले, पण तो आवाज मी रस्त्याच्या खाती टाकला. मुंग्यांचे मात्र आम्ही सर्वांनी मनावर घेतले. आईला मधुमेह नाही. तरी या वयात पायाला मुंग्या म्हणजे साखरच, असे निदान गाडीतल्या गाडीत ठरले आणि पुण्यास पोहोचल्यावर लग्नघरी जाण्यापूर्वी तिचे रक्त तपासून घेण्यात आले. साखर अगदी ठीक निघाली. आईने अहवाल पाहिला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, “मुंग्या गाडीतच येतात, घरी नाही येत.” या वाक्याकडे आमच्यापैकी कोणीही लक्ष दिले नाही. पुढे जे घडले त्यात या दुर्लक्षाचा वाटा मोठा आहे.

आमचे मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केले. आता बंधू गल्ला पाहतात आणि मी माल. ज्याच्या घरात तीस-चाळीस जातींचे इंधन पंप फळीवर मांडलेले आहेत, त्याला स्वतःच्या गाडीतील पंपाचा आवाज ओळखता येऊ नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण विकणे आणि ओळखणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि मला पहिलीच येत होती.

परतल्यावर गाडी घराजवळच्या एका गॅरेजमध्ये दाखविली. तरुण मेकॅनिकने मागचे आसन उचलले, कान लावला आणि निकाल दिला: पंप गेला. आमच्याच दुकानातून पंप आणावयाचा असल्याने किमतीची घासाघीस करण्याचा प्रश्न नव्हता. टाकीत बसणारा पूर्ण संच, सात हजारांहून अधिक किमतीचा, फळीवरून काढून दिला. संच बसला, टाकी भरून घेतली, आणि भुंगा नाहीसा झाला. चार दिवस घरात समाधान होते. आठव्या दिवशी आई देवदर्शनाहून परतली ती म्हणत, “तुमचा नवा भुंगा पहिल्यापेक्षा बरा आहे, पण आहे.”

इथे थोडे थांबून, गाडीच्या पोटात इंधन कसे फिरते ते पाहिले पाहिजे. त्यावाचून आवाजाचा अर्थ लागत नाही.

आमच्या वडिलांच्या फियाटमध्ये पंप इंजिनाच्या अंगाला असे. इंजिनाच्या दांड्यावरील उंचवटा त्याच्या तरफेला ढकली, आतला पडदा खालीवर होई आणि टाकीतून पेट्रोल ओढले जाई. दाब अगदी अल्प. उन्हाळ्यात खंबाटकीचा घाट चढताना इंजिन तापे, नळीतच पेट्रोलची वाफ होई, पंप वाफ ओढू शकत नसे आणि गाडी उभी राही. मग पंपावर ओले फडके टाकून कुटुंबाने करवंदे खात बसावे, हा त्या काळचा उपाय. चाळिशीपुढील वाचकांना तो आठवत असेल.

सन २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्बुरेटर मागे पडला आणि इंजेक्टर आले. त्यांच्याबरोबर पंपही इंजिन सोडून टाकीत जाऊन बसला. तो विजेवर चालतो आणि पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. पेट्रोलच त्याला थंड ठेवते, पेट्रोलच त्याचे वंगण. तो इंधनाला साधारण ३ ते ४ बार दाबाने पुढे ढकलतो, म्हणजे चाकातील हवेच्या सुमारे दीडपट. किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, मागून दोन-तीन क्षण जी बारीक गुणगुण ऐकू येते ती याच पंपाची. ती निरोगी आहे. पुष्कळ गाड्यांत ती अजिबात ऐकू न येणे हेच चिंतेचे लक्षण.

टाकी मागच्या आसनाखाली. तेथून निघालेल्या नळ्या गाडीच्या तळाला चिकटून, प्लास्टिकच्या क्लिपांत बसून पुढे इंजिनापर्यंत जातात. पंपाच्या प्रत्येक फेऱ्यासरशी इंधनात बारीक स्पंदने उठतात आणि ती नळीतून प्रवास करतात. क्लिपांतील रबर वा प्लास्टिक ती गिळून टाकते. ही एक गोष्ट कोणत्याही ग्राहकाने आम्हांला विचारली नाही आणि आम्हीही कोणास सांगितली नाही, कारण क्लिप विकून दुकान चालत नाही.

टाकी भरलेली असली की पंपाचा आवाज पेट्रोलमध्ये दबतो. पातळी खाली गेली की तो उघडा पडतो. आमच्या चार दिवसांच्या समाधानाचे रहस्य एवढेच होते. नव्या पंपाने भुंगा मारला नव्हता. भरलेल्या टाकीने त्याचे तोंड दाबले होते. आणि आमच्या टाकीची पातळी नेहमीच खाली असते, कारण बंधूंचा स्वभाव. भांडवल अडकून पडू नये म्हणून गोदामात ते जसा बेताचा माल ठेवतात, तसेच पेट्रोलही पाचशे रुपयांचेच भरतात. काटा पावाच्या वर क्वचितच जातो. व्यापारात हे शहाणपण असेल, पण टाकीतील पंप कमी पेट्रोलमध्ये तापतो आणि झिजतो. आमच्या जुन्या पंपाला त्यांनी नऊ वर्षे असेच उपाशी ठेवले होते. तरी तो गेलेला नव्हता, हे नंतर कळले.

दुसऱ्यांदा गाडी नेली ती उद्यमनगरातील एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे. सगळे त्यांना मामा म्हणतात. पन्नास वर्षांपूर्वी ते वडिलांच्या फियाटचे काम करीत. मी पोहोचताच माझे नेहमीचे सुरू झाले, की पंप बदलला आहे, तरी आवाज येतो, कदाचित नवा पंपच सदोष असेल, दुसरा आणून देतो. मामांनी हात वर केला. “अण्णा, पंपाचं ऱ्हाऊ द्या. आवाज कवापासनं येतोय? आन त्याच्या आदी गाडीला हात कुणी लावला हुता?”

आवाज वैशाखात ऐकला. त्याआधी? मी आठवू लागलो. फाल्गुनात सायलेन्सर कुजला म्हणून प्रवासात एका ठिकाणी तो बदलून घेतला होता. मामांनी मान हलविली आणि दुसरा प्रश्न विचारला: “ऐकलं कुणी?” मी म्हणालो, आईने. “मग आईस्नी घिऊन या. मला न्हाई ऐकाय येणार. मी काय मागं बसून कराडला गेलो न्हवतो.”

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेलो. काटा पावावर होता. मामांनी मुद्दाम पेट्रोल भरू दिले नाही. ज्या स्थितीत दुखते त्याच स्थितीत रोगी तपासावा, हे डॉक्टरही मानतात. आईला तिच्या नेहमीच्या जागी बसविले, चपला काढावयास सांगितले, पंखा बंद, रेडिओ बंद. प्रथम किल्ली अर्धी फिरवून दोन-तीन क्षणांची गुणगुण ऐकली. मग इंजिन सुरू केले आणि मामांनी पुतण्यास गती वाढवावयास सांगितली. इंजिनाचा सूर चढला. भुंग्याचा सूर होता तिथेच राहिला.

ही चाचणी प्रत्येक वाचकास घरी करता येण्याजोगी आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. उभ्या गाडीत इंजिनाची गती वाढविल्यावर जो आवाज बरोबरीने चढतो, तो इंजिनाशी जोडलेल्या कशाचा तरी: पट्टा, पट्ट्यावरील कप्पी, अल्टरनेटर, धुराची नळी. गाडी धावताना वेगाबरोबर जो चढतो आणि इंजिन मोकळे सोडूनही कायम राहतो, तो चाकाच्या बेअरिंगचा किंवा टायरचा. आणि या दोहोंशी ज्याचे देणेघेणे नाही, किल्ली फिरविताच जो सुरू होतो आणि एकाच सुरात राहतो, त्याचा संशय विजेवर चालणाऱ्या पंपावर किंवा पंपाच्या वाटेवर घ्यावा. अपवाद आहेत, काही गाड्यांत पंपाची गतीही गरजेनुसार बदलते. परंतु आपल्याकडील बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांना हा नियम लागू पडतो, आणि एवढे जरी सांगितले तरी मेकॅनिकचे निम्मे काम होते.

मामांनी मग इंजिन बंद करून, रिलेच्या जागी जोडणी देऊन केवळ पंप चालू केला. हे काम जाणत्याचेच. घरी करू नये. इंजिनाच्या शांततेत भुंगा स्वच्छ ऐकू आला. आसनाखाली कान लावला तर पंपाची घरघर साधी, सरळ, निरोगी. दाबाचे घड्याळ लावले, दाब पुस्तिकेत दिल्याप्रमाणे. जोडणीवर विजेचा दाब बॅटरीइतकाच. म्हणजे यंत्र निर्दोष, तरी गुंजारव चालूच. तेवढ्यात आई म्हणाली, “आवाज इथं नाही हो, पायाखाली आहे. डाव्या पायाखाली. टाच टेकवली की मुंग्या येतात.”

सन १८१६ मध्ये पॅरिस येथे लेनेक नावाच्या डॉक्टराने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीस लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला. आमच्या मिस्त्रींचा स्टेथोस्कोप म्हणजे लांब पेचकस. मूठ कानाच्या हाडावर आणि टोक यंत्रावर. मामा खड्ड्यात उतरले ते तोच घेऊन. तळाला एके ठिकाणी टोक लावले, दुसरीकडे लावले, मग पेचकस खाली ठेवला आणि हाताने एक नळी धरून बोटभर खाली ओढली. वरून आईचा आवाज आला, “थांबला.” सोडली. “आला.” पुन्हा ओढली. “थांबला.”

मी खड्ड्यात उतरून पाहिले. सायलेन्सर काढताना कोणी तरी पहारीचा टेका नेमका नळ्यांच्या क्लिपवर दिला होता. क्लिप तुटून पडली होती. तिच्याविना इंधनाची नळी तळाच्या पत्र्याच्या कडेवर टेकली होती आणि पंपाची सगळी स्पंदने पत्र्यास देत होती. गाडीचा तळ तबल्याच्या चामड्यासारखा वाजत होता आणि त्याच्यावर माझ्या आईचे अनवाणी पाय होते. मुंग्यांचे मूळ ते.

एवढ्यावर भागले असते तर मी हे लिहिले नसते. मामांनी नळी फिरवून तिची वरची बाजू दाखविली. जिथे ती पत्र्याच्या कडेवर घासत होती तिथला काळा लेप गेला होता आणि आतले पोलाद चांदीसारखे चमकत होते. नखाने चाचपले तर खाच लागत होती. तिथून वीतभर अंतरावर नवा सायलेन्सर, जो प्रवासात हात न लावण्याइतका तापतो. “आजून चार म्हैने, न्हाईतर सा,” मामा म्हणाले. बाकीचे त्यांनी सांगितले नाही. नळीतला दाब ३ ते ४ बार. सुईच्या अग्राएवढे भोक पडले तरी पेट्रोलचा फवारा उडाला असता, आणि उडाला असता तो बहुधा गाडी चालू असतानाच, कारण पंप तेव्हाच दाब देत राहतो. आम्ही सात हजारांचा पंप बदलून निर्धास्त होऊन बसलो असतो. आईने तक्रार करणे सोडून दिले असते. त्या वयात माणसे तक्रार करणे लवकर सोडतात.

नळीचा तो भाग बदलला. क्लिप पंधरा-वीस रुपयांची. मजुरी मामांनी जी सांगितली ती मी इथे लिहीत नाही, कारण वाचकांपैकी कोणी त्यांच्याकडे जाऊन तेवढ्यातच काम मागेल.

यानंतर मी जे शिकलो त्यातले काही वाचकांच्या उपयोगी पडेल. इंधनाच्या वाटेवर निरनिराळे आवाज उठतात आणि त्यांतील बरेचसे निरुपद्रवी असतात. पुढून, इंजिनाच्या माथ्यावरून शिवणयंत्रासारखी टिकटिक येते ती इंजेक्टरांची. मंद गतीवर, मिनिटास ८०० फेरे धरले तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटास ४०० वेळा उघडतो-मिटतो. चार मिळून १६००, म्हणजे सेकंदाला सुमारे सत्तावीस वेळा. इतक्या लगबगीत टिकटिक होणारच. मात्र सम चाल मोडून मध्येच एखादा ठोका चुकू लागला आणि इंजिनही थरथरू लागले, तर तो इंजेक्टर तपासावा. थेट दट्ट्याच्या कोठडीत पेट्रोल फवारणाऱ्या नव्या टर्बो गाड्यांत इंजिनावर दुसरा, अतिदाबाचा पंप असतो. तिथे दाब २०० बारपर्यंत वा त्याहूनही वर जातो आणि टिकटिक अधिक कडक असते. अशी गाडी नवी घेतल्यावर पहिल्या महिन्यात ग्राहक घाबरून येतात. त्यांना चहा पाजून परत पाठवावे.

दुसरी टिकटिक थोडी सावकाश, मधूनमधून थांबणारी, इंजिनाच्या बाजूस. टाकीतील पेट्रोलची वाफ हवेत सोडू नये म्हणून ती सक्रिय कोळशाच्या डब्यात धरून ठेवतात आणि सोयीने इंजिनास पाजतात. ते पाजणाऱ्या झडपेचा हा आवाज. झडप बिचारी निरोगी असते. कोळशाच्या डब्याचे आरोग्य मात्र आपण पेट्रोल पंपावर बिघडवितो. नळी आपोआप बंद झाल्यावरही हिशेब पूर्ण रुपयांत यावा म्हणून आणखी थोडे, आणखी थोडे भरावयास सांगितले की पेट्रोल वाफेच्या वाटेत शिरते आणि कोळसा भिजतो. मग पुढच्या वेळी पेट्रोल भरताना नळी उगाच पुनःपुन्हा बंद पडते, किंवा झाकण उघडताच टाकी जोराने श्वास आत ओढते. थोडासा फुस्स आवाज होणे साधे आहे. पण झाकण उघडण्यास जोर लागू लागला, किंवा गाडी चालताना टाकीचा पत्रा धप्प असा आत-बाहेर होऊ लागला, तर हवेची वाट तुंबली आहे असे समजावे.

पंपाचा खरा आजार कसा ओळखावा? त्याचा सूर महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू चढत जातो, आणि आवाजाबरोबर लक्षणेही येतात. चढावर दम कमी पडतो, गरम इंजिन पुन्हा सुरू करताना बराच वेळ फिरवावे लागते, वेगात असताना क्षणभर गाडी हिसका देते. गुणगुणीऐवजी कण्हल्यासारखा खरखरीत आवाज आला तर पंपाच्या तोंडाची जाळी तुंबली असण्याचा संभव आहे. पुरेसे पेट्रोल न मिळाल्याने पंप बुडबुडे ओढतो आणि बुडबुडे फुटताना तसा आवाज होतो. तिथेही आधी जाळी, टाकीतला गाळ, विजेची जोडणी पाहावी. जोडणी गंजून विजेचा दाब घसरला तर चांगला पंपही आजाऱ्यासारखा वागतो.

इथेनॉलविषयी दुकानात रोज विचारणा होते. २०२५ पासून देशभर मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉलचे आहे, आणि त्यातले काही आपल्याच कोल्हापूर-सांगलीच्या उसातून आलेले असते. नव्या गाड्या त्यासाठी घडविलेल्या आहेत. जुन्या गाड्यांत दोन गोष्टींकडे लक्ष असावे. इथेनॉल ओलावा ओढते, म्हणून महिनोन्‌महिने न हलणाऱ्या गाडीत टाकी रिकामी ठेवू नये. आणि जुन्या रबराच्या नळ्या व वायसर त्याने लवकर थकू शकतात. सर्व्हिसिंगच्या वेळी त्या हाताने दाबून पाहण्यास सांगावे. फुगलेली, चिकट वा भेगाळलेली नळी बदलण्याजोगी. याहून अधिक भीती बाळगण्याचे कारण मला दिसत नाही, आणि याच भीतीपोटी बाजारात खपणाऱ्या बाटल्या आम्ही दुकानात ठेवीत नाही.

सी.एन.जी. गाड्यांत वायूचे इंजेक्टर अधिक मोठ्याने टिकटिकतात, ते चालते. फिस्स असा सतत आवाज आणि त्याबरोबर कुजका वास मात्र चालत नाही. टाकीची झडप बंद करून, काचा उघडून, सर्वांना खाली उतरवावे. सिलिंडरची दर तीन वर्षांची दाबचाचणी चुकवू नये, कारण त्यात वायू २०० बार दाबाने भरलेला असतो. डिझेलच्या नव्या गाड्यांत तर दाब हजार बारच्या वर. तिथे गळती शोधण्यासाठी बोट लावणेही धोक्याचे, फवारा कातडी भेदून आत जातो. ही दोन्ही कामे त्या त्या जाणकाराची.

आणि वास. आवाजाची चौकशी सवडीने करता येते, पेट्रोलच्या वासाची नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे चाळीस अंशांवरही ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि ती हवेहून जड असल्याने जमिनीलगत, कोपऱ्यात, खड्ड्यात साचते. आपल्यापैकी पुष्कळांच्या गाड्या दुकानामागे, गोदामाला लागून, शटर ओढलेल्या जागेत उभ्या असतात. वर माणसे झोपलेली असतात. सकाळी शटर उघडताच वास आला तर दिवा लावू नये, किल्ली फिरवू नये. शटर पूर्ण उघडावे, गाडी हातांनी ढकलून मोकळ्या जागेत आणावी आणि मिस्त्रीस तिथेच बोलवावे.

आता दुकानाविषयी थोडेसे, कारण ते सांगितल्यावाचून हा हिशेब पूर्ण होत नाही. सुट्या भागांच्या प्रत्येक दुकानात एक पाटी असते: विद्युत भाग परत घेतले जाणार नाहीत. ती आमच्याकडेही आहे आणि असलीच पाहिजे, कारण एकदा बसवून काढलेला पंप नवा म्हणून कोणास देता येत नाही. पण त्या पाटीमुळे मला एक सोय झाली होती. पंप नेला, बसविला, आवाज तसाच राहिला, तर गिऱ्हाईक परत येत नसे. पाटी वाचून गेलेला असे. इतक्या वर्षांत असे किती पंप गेले याची नोंद आमच्या वह्यांत नाही. वहीत विक्री आहे, दुखणे बरे झाले की नाही याचा रकाना नाही.

खड्ड्यातून वर आल्यावर आठवडाभर ती गोष्ट मनातून गेली नाही. मग मी काउंटरवर एक साधी वही ठेवली. कोणी पंप मागितला की विचारतो: आवाज केव्हापासून, त्याआधी कोणते काम झाले, टाकी किती भरलेली असता येतो, इंजिनाबरोबर चढतो की नाही, आणि गाडीत तो सर्वांत आधी कोणी ऐकला. शेवटच्या प्रश्नाला लोक हसतात, पण उत्तर बहुधा मागे बसणाऱ्याचे नाव असते: आई, आजी, शाळेत जाणारी मुलगी. गाडी चालविणारा सहसा शेवटी ऐकतो. उत्तरे लिहून ती चिठ्ठी मेकॅनिकसाठी देतो आणि दाब मोजून आल्यावर पंप न्या म्हणतो. काही जण रागावून शेजारच्या दुकानात जातात. पंपाची विक्री उतरली आहे. बंधू एकदा म्हणाले, “तू दुकान चालवतोस की दवाखाना?” मी उत्तर दिले नाही, कारण विक्री उतरली हे खरे होते. नंतर एका संध्याकाळी तेच त्या वहीत काही लिहीत असलेले दिसले. गिऱ्हाईक फोनवर होते आणि ते विचारीत होते, “आधी कोणतं काम केलं होतं, सायलेन्सरचं का?”

पेट्रोलही आता अर्ध्याखाली जाऊ द्यायचे नाही, असे घरात ठरले आहे आणि बंधू ते पाळतात. फक्त नळी आपोआप बंद झाली, की काच खाली करून पंपावरच्या मुलाला म्हणतात, “बाळ, तेवढे सोळा रुपये पूर्ण कर.” मागून आई म्हणते, “नको रे.” तो मुलगा दोघांकडे पाहतो आणि सोळा रुपयांचे भरतोच.